बारा बाया, चार मशिनी आणि अकरा मिनिटं

रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि मी ओसरीवरून जोरात ओरडले. आई दचकून उठली. तिला वाटलं साप निघाला. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे रात्री ओरडायला दुसरं कारण नसतं. "आई, पंधरा मिनिटांत झालं! एक्केचाळीसचं पंधरावर आलं!" मी म्हटलं. "झालं न? मंग झोप आता," असं म्हणून तिने कूस बदलली.

झोप कशी येणार! स्क्रीनवर चार हिरव्या खुणा एकाखाली एक उभ्या होत्या. ज्या कामासाठी मी दोन वर्षं रोज ताटकळत बसायची, ते काम चार मशिनींनी आपसात वाटून घेतलं आणि पंधरा मिनिटांत उरकून टाकलं. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून हा लेख.

मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावात राहते. नागपूरला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि आता घरूनच काम करते. भंडारा जिल्ह्यात 'कॉम्प्युटरचं काम' म्हटलं की लोक आधी सातबाऱ्याची प्रिंट मागतात. पण आमच्या जिल्ह्याला सॉफ्टवेअर लागत नाही असं थोडंच आहे? हा धानाचा जिल्हा. तुमसरची तांदळाची बाजारपेठ जुनी आणि मोठी. मी आणि लाखनीचा माझा एक सहकारी, आम्ही दोघं मिळून राईस मिलसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. गाडीचं वजन, धानाचा ओलावा, बारदाना, भरडाई, निघालेला तांदूळ, कणी, कोंडा, वाहतूक, हमाली, सगळं त्यात येतं.

हे सगळं आम्ही शून्यातून उभं केलेलं नाही. खाली पाया आहे तो ईआरपीनेक्स्टचा. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने घडवलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त आहे; त्याचा सगळा कोड गिटहबवर उघडा आहे, कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये ही कंपनी सुरू केली. भंडाऱ्याच्या एका गावातल्या मुलीला मुंबईच्या कंपनीचा कोड ओळ न ओळ वाचता येतो, ही गोष्ट मला अजूनही रोज नवी वाटते. पुढे जे घडलं ते या उघडेपणामुळेच घडलं.

आता मूळ दुखणं सांगते.

आमच्या ॲपच्या ३२ फायलींत मिळून चारशेच्या वर टेस्ट आहेत. टेस्ट म्हणजे काय, तर कोडला विचारलेला एक छोटा प्रश्न आणि त्याचं आधीच ठरलेलं उत्तर. सरकारी भरडाईत १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल अरवा तांदूळ द्यावा लागतो, उकडा असेल तर ६८. मग टेस्ट असते: १०० क्विंटल धानाची पावती कर, अरवा निवड, उत्तर ६७ आलं का बघ. दुसरी टेस्ट: ओलावा १७ टक्क्यांच्या वर दिला तर पावती अडली पाहिजे. तिसरी: बारदाना परत आला तर ठेव वजा झाली पाहिजे. असे चारशे प्रश्न. कोडमध्ये कुठेही एक ओळ बदलली की चारशेही प्रश्न पुन्हा विचारायचे, कारण इकडे बोट लावलं की तिकडे काय हलेल याचा नेम नसतो.

हे प्रश्न विचारण्याचं काम माणसाने करायचं नसतं. मी कोड गिटहबवर पुश केला की कुठल्याशा दूरच्या डेटा सेंटरमध्ये एक कोरी मशीन जागी होते, स्वतःवर डेटाबेस बसवते, फ्रॅपे (कंपनीच्याच नावाचा, ईआरपीनेक्स्टच्या खालचा सांगाडा) बसवते, ईआरपीनेक्स्ट बसवते, आमचं ॲप बसवते, मग एकेक टेस्ट चालवते आणि शेवटी हिरवी खूण नाहीतर लाल फुली दाखवून स्वतः नाहीशी होते. याला म्हणतात कंटिन्युअस इंटिग्रेशन, आमच्या बोलण्यात नुसतं 'सीआय'. शब्द जवळपास माझ्याच वयाचा आहे. सॉफ्टवेअर इंजिनिअर ग्रेडी बूच यांनी तो १९९१ मध्ये वापरला. कोहसुके कावागुची या जपानी इंजिनिअरने हडसन नावाचं सीआयचं साधन लिहिलं, त्यालाच २०११ पासून जग जेनकिन्स म्हणून ओळखतं. पुण्यातल्या माझ्या जुन्या ऑफिसात तेच होतं. 'जेनकिन्स लाल आहे' हे वाक्य तिथे 'लाईट गेली' इतकंच रोजचं होतं.

तर आमचा सीआय चालायचा एक्केचाळीस मिनिटं. त्यातली सहा मिनिटं सगळं बसवण्यात आणि पस्तीस मिनिटं टेस्टमध्ये.

एक्केचाळीस मिनिटं ही फार वाईट वेळ आहे. दोन तास असते तर माणूस दुसऱ्या कामाला लागला असता, दोन मिनिटं असती तर जागेवर बसून राहिला असता. एक्केचाळीस मिनिटांत तुम्ही चहा करता, मांजराला हाकलता, फोन बघता, आणि परत येता तेव्हा आपण काय बदललं होतं तेच आठवत नाही. मग लाल फुली दिसली की पुन्हा सगळं डोक्यात भरायचं, एक स्वल्पविराम दुरुस्त करायचा आणि पुन्हा एक्केचाळीस मिनिटं. दिवसात अशा सहा-सात फेऱ्या झाल्या की दिवस संपला.

मग माणूस पळवाटा काढतो. मीही काढल्या. एकेक बदल वेगळा पाठवण्याऐवजी पाच-सहा बदलांची मोट बांधून पाठवायला लागले. लाल आलं की सहापैकी कुणामुळे, ते शोधत बसायचं. त्याच्याही पुढची पळवाट म्हणजे 'एवढंसं तर बदललंय' म्हणत टेस्ट संपायची वाट न बघता कोड सरळ मिलच्या सर्व्हरवर टाकणं. तसं एकदा केलं आणि तोंडावर पडले. अरवा आणि उकडा यांची टक्केवारी एका ओळीत उलटी झाली होती. ४०० क्विंटल धानाला २६८ क्विंटल तांदूळ दाखवायचा, तिथे २७२ दिसायला लागला. मिलचे शेठ शांत माणूस. ते फक्त एवढंच म्हणाले, "मॅडम, हा वरचा चार क्विंटल तांदूळ कुठून आणायचा तेही तुमच्या कॉम्प्युटरला विचारून सांगा." ती चूक पकडणारी टेस्ट माझ्याकडे होती. मीच लिहिली होती. ती चालायच्या आधी मी उठून गेले होते, एवढंच.

आणि मग तो सोमवार आला.

ईआरपीनेक्स्टमधली एक बारीक अडचण शोधत मी त्यांच्या गिटहबवर गेले होते. कुणीतरी सुचवलेला एक बदल उघडला आणि त्याच्या खाली बघितलं तर टेस्टच्या निकालाच्या ओळी: पायथन युनिट टेस्ट्स, कंसात १. त्याखाली तेच नाव, कंसात २. मग ३. मग ४. चारही ओळींपुढे हिरवी खूण. मी बघतच राहिले. एकच टेस्ट चार वेळा का चालवतात ही माणसं? चारदा खात्री करतात की काय?

त्यांची सीआयची फाईल उघडली. उघडी होतीच, म्हटलं ना. त्यात 'मॅट्रिक्स' नावाची एक नोंद आणि तिच्याखाली 'कंटेनर: १, २, ३, ४'. खाली टेस्ट चालवण्याची आज्ञा होती, तिचं नाव 'रन-पॅरलल-टेस्ट्स'. तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एकूण वाटे किती, आणि तुझा वाटा कितवा.

वाटे! टेस्ट चारदा चालत नव्हत्या, त्यांची चार वाट्यांत वाटणी झाली होती! चार मशिनी एकाच वेळी जाग्या होत होत्या आणि प्रत्येक जण फक्त आपला चौथा हिस्सा चालवत होती!

मी मान वर केली. समोर आमच्या बांधीत रोवणी चालली होती. चिखलात बारा बाया एका ओळीत वाकलेल्या, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी, रोवत रोवत मागे सरकत होत्या. म्होरक्या माझ्या मामी. दुपारी त्या जेवायला धुऱ्यावर बसल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "मामी, एकाच बाईने ही बांधी रोवली तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुण्यात राहून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. "एकलीनं रोवलं त पोळा येईन," त्या म्हणाल्या, "आन् पऱ्हे सुकून जातीन ते येगरंच."

दोन वर्षं मी एकटीला बांधी रोवायला लावत होते. आणि शिकलेली मीच!

त्या रात्री मला दम नव्हता. ईआरपीनेक्स्टची आज्ञा काय करते ते नीट वाचायचीही वाट न बघता माझ्या ३२ फायली नावांच्या क्रमाने आठ-आठ अशा चार गटांत स्वतःच वाटल्या, मॅट्रिक्स लिहिलं, पुश केलं. चार मशिनी जाग्या झाल्या. पहिली संपली दहा मिनिटांत, दुसरी अकरा, तिसरी पंधरा, आणि चौथी... चौथी संपायला तेवीस मिनिटं लागली. तेवीस! तरी एक्केचाळीसचं तेवीस झालं म्हणून मी टाळी वाजवायला हात उचलले आणि निकाल पाहिला. चारही लाल. एकोणीस टेस्ट फेल.

काल संध्याकाळपर्यंत एकूण एक हिरव्या असलेल्या टेस्ट. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही. फक्त वेगवेगळ्या मशिनींवर बसवल्या आणि एकोणीस जणी कोसळल्या!

या लेखातली खरी गोष्ट हीच आहे. वेगासाठी गेले होते, हाती आलं ते वेगळंच.

पहिली फेल झालेली टेस्ट उघडली. ती भरडाईची होती. तिला हवा होता धानाचा एक लॉट. तो लॉट ती स्वतः करत नव्हती. तिच्या आधी चालणारी खरेदीची टेस्ट तो करून ठेवायची आणि ही आयता वापरायची. एका मशीनवर, एकाच डेटाबेसमध्ये, त्याच क्रमाने चालत होत्या तोवर कुणाला पत्ता नव्हता. आता खरेदीची टेस्ट गेली चौथ्या मशीनवर आणि भरडाईची आली दुसरीवर. दुसऱ्या मशीनचा डेटाबेस कोरा. लॉट कुठला?

आमच्याकडे बांध्या उतारावर असतात. वरून पाहिलं तर प्रत्येक बांधीला आपला धुरा, आपली हद्द, सगळ्या वेगळ्या. पण वरच्या बांधीचं पाणी फोडल्याशिवाय खालच्या बांधीत चिखल होत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असतं. कागदावरचा नकाशा ते दाखवत नाही. माझ्या टेस्टही तशाच होत्या. नावं वेगळी, फायली वेगळ्या, आणि आतून सगळ्यांना एकमेकींचं पाणी.

दुसरी फेल आणखी मजेची. ती तपासत होती की पावतीचा नंबर ४ आला का. चारच का? कारण तिच्या आधी नेहमी तीन पावत्या झालेल्या असायच्या! म्हणजे ही टेस्ट माझा कोड तपासत नव्हतीच. माझ्या फायली कोणत्या क्रमाने चालतात, ते तपासत होती.

तिसऱ्या प्रकाराने मला खरं शिकवलं. फ्रॅपेत टेस्टचा एक तयार वर्ग मिळतो; तो वापरला की काम झाल्यावर डेटाबेस मागे नेला जातो, जणू काही घडलंच नाही. मी तो वापरत होते, तरी माझ्या टेस्टचा कचरा मागे उरत होता. तासभर डोकं खाजवलं. मग सापडलं: आमच्या कोडमध्ये तीन ठिकाणी मी स्वतःच्या हाताने 'कमिट' लिहिलं होतं. म्हणजे डेटाबेसला 'हे पक्कं झालं, आता मागे फिरू नकोस' असं बजावलं होतं. मग तो मागे कसा जाईल? ते कमिट तिथे असायलाच नको होते. खरेदी अर्धवट राहून मध्येच काही बिघडलं असतं तर मिलमध्येही अर्धी पावती पक्की होऊन बसली असती. म्हणजे तिथे घोटाळा दबा धरून बसला होता. टेस्ट हिरव्या होत्या म्हणून तो कुणाला दिसला नाही.

एकोणीस टेस्ट दुरुस्त करायला तीन दिवस लागले. नियम एकच केला: प्रत्येक टेस्टने आपला धान आपण आणायचा. लॉट हवा तर स्वतः कर, शेतकरी हवा तर स्वतः नोंदव, आणि तारखेवर काही अवलंबून असेल तर 'आज'ची तारीख न घेता ठरलेली तारीख दे. तीन दिवसांनी चारही मशिनी हिरव्या. वेळ मात्र तेवीस मिनिटंच.

का? तर चौथ्या मशीनकडे सतरा मिनिटांच्या टेस्ट गेल्या होत्या आणि पहिलीकडे चार मिनिटांच्या. मधल्या दोघींकडे पाच आणि नऊ. पहिली मशीन दहा मिनिटांत काम उरकून मोकळी, आणि निकाल मात्र चौथीसाठी अडलेला. फायली सारख्या वाटल्या म्हणून काम सारखं वाटलं जात नाही. रोवणीत एखादी बांधी पाव एकराची असते, एखादी एकराची; बायांना बांध्या मोजून नाही, जमीन बघून वाटतात.

मग मी शेवटी शहाण्यासारखी ईआरपीनेक्स्टची ती आज्ञा आतून वाचायला बसले. फ्रॅपे ही वाटणी कशी करतं? मला वाटलं होतं, काहीतरी मोठं गणित असेल. आणि काय निघालं सांगू? ते प्रत्येक टेस्ट फाईल उघडतं आणि तिच्यात 'डेफ टेस्ट अंडरस्कोर' ही अक्षरं किती वेळा आली ते मोजतं! पायथनमध्ये प्रत्येक टेस्ट त्याच अक्षरांनी सुरू होते, म्हणून जितक्या वेळा अक्षरं तितक्या टेस्ट. ते झालं फाईलचं वजन. मग सगळ्या फायली अशा गटांत वाटायच्या की प्रत्येक गटाचं वजन जवळपास सारखं यावं. बस! तुमसरच्या बाजारात पोती न उचलता नुसती थप्पी बघून वजन सांगणारा हमाल जे करतो, अगदी तेच. बरोबर असतं का? अंदाजाने असतं. पुरतं का? पुरतं!

माझी आठ-आठची वाटणी फेकून दिली, त्यांची आज्ञा आमच्या ॲपला लावली. टेस्टचे वाटे झाले सात, आठ, नऊ आणि अकरा मिनिटांचे. अकरा अधिक बसवण्याची सहा, सतरा मिनिटं. अकरा मिनिटांच्या वाट्यात एकच जाडजूड फाईल होती, हंगामअखेरच्या हिशेबाची. फ्रॅपेची वाटणी फाईलच्या आत जात नाही. अख्खी फाईल एकाच मशीनकडे जाते. मग मीच त्या फाईलचे दोन तुकडे केले. पुश. आणि पावणेबारा वाजता त्या चार खुणा. पंधरा मिनिटांच्या आत. आई, साप, वगैरे.

ईआरपीनेक्स्टच्या त्या सीआयच्या फाईलमधली आणखी एक बारकी ओळ सांगते, कारण ती मला फार आवडली: 'फेल-फास्ट' बंद. गिटहबचा स्वभाव असा की मॅट्रिक्समधली एक मशीन फेल झाली की बाकीच्या लगेच थांबवतो. ईआरपीनेक्स्टने तो बंद ठेवलाय. मीही ठेवला, कारण एका फेरीत सगळे घोटाळे कळावेत. पहिल्या वाट्यातला दुरुस्त करून आलो की तिसऱ्यातला, असं नको.

दुसऱ्या दिवशी अर्थातच लोभ सुटला. चारवर पंधरा, तर आठवर सात? पस्तीसवर एक? पस्तीस मिनिटांच्या टेस्टना पस्तीस मशिनी लावते की!

कागद घेऊन बसले आणि हवा निघाली. पस्तीस मशिनी लावल्या तर टेस्टचं एक मिनिट, पण बसवण्याची सहा मिनिटं प्रत्येकीला लागणारच. म्हणजे सात मिनिटं, त्याखाली जाणारच नाही. संगणकांची रचना करणारे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं होतं: कामाचा जो भाग वाटता येत नाही, शेवटी वेळ तोच ठरवतो, मशिनी कितीही आणा. शिवाय मी वापरते त्या गिटहबच्या मोफत खात्यावर एका वेळी २० कामंच चालतात. उरलेल्या पंधरा मशिनी रांगेत उभ्या राहणार, सात अधिक सात, चौदा मिनिटं. पस्तीस मशिनींनी चार मशिनींपेक्षा एक मिनिट वाचवायचं!

आणि पैसे? आमचा कोड खासगी, त्याला महिन्याला २००० मिनिटं फुकट मिळतात, आणि प्रत्येक मशीनचा वेळ पुढच्या पूर्ण मिनिटाला नेऊन मोजला जातो. एका मशीनवर ४१ मिनिटांची एक फेरी, म्हणजे महिन्याला ४८ फेऱ्या. चार मशिनींवर पंधरा-पंधरा, म्हणजे एका फेरीला ६० मिनिटं आणि महिन्याला ३३ फेऱ्या. पस्तीस मशिनींवर सात-सात, म्हणजे २४५ मिनिटं, आणि महिन्याला ८ फेऱ्या. वेळ वाचतो, मिनिटं वाढतात, कारण बसवण्याचा खर्च प्रत्येक मशीन वेगळा करते. बारा बाया लावल्या की रोवणी एका दिवसात होते, पण मजुरी बाराजणींची द्यावी लागते आणि चिखलणी तर आधी व्हावीच लागते.

म्हणजे आता मारा चिखलणीवर करायचा. बसवण्याच्या सहा मिनिटांत नेमकं काय होतं ते बघितलं. पायथनची पॅकेजेस दर वेळी नव्याने डाऊनलोड होत होती. ती कॅशमध्ये ठेवली. टेस्टना न लागणारी स्क्रीनची सजावट दर वेळी बांधली जात होती, ती वगळली. सहाची दोन झाली. आता प्रत्येक मशीन अकरा मिनिटांत मोकळी होते. चार अकरे चव्वेचाळीस, महिन्याला ४५ फेऱ्या. जवळपास पूर्वीइतक्याच फेऱ्या, एक रुपया न घालता, आणि वाट बघायची पावपटीच्या जरा वर! आठ मशिनींचाही हिशेब केला: सात मिनिटं, पण फेरीला ५६ आणि महिन्याला ३५ फेऱ्या. आम्हा दोघांना चारच बऱ्या.

अकरा मिनिटांनी काय बदललं? मी उठून जात नाही. एकेक बदल वेगळा पाठवते. लाल आलं तर कशामुळे ते विचारावंही लागत नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर केंट बेक यांनी २००४ मध्येच लिहून ठेवलंय की अख्खा बिल्ड आणि सगळ्या टेस्ट दहा मिनिटांत व्हायला हव्यात. त्याहून जास्त वेळ लागला तर लोक त्या कमी वेळा चालवतात. चार क्विंटल तांदळाची चूक करण्याआधी हे वाचलं असतं तर! पण तेव्हा वाचूनही पटलं नसतं.

फ्रॅपेमध्ये वाटणीचा आणखी एक प्रकार आहे, तो अजून करून बघायचाय. त्यात आधी वाटे पाडायचेच नाहीत. एक मुकादम बसवायचा. मशीन मोकळी झाली की त्याला विचारणार, 'आता कुठली टेस्ट?' आणि तो पुढची देणार. जिचा हात चालतो ती जास्त रोवेल, आणि शेवटी सगळ्या जवळपास एकदमच धुऱ्यावर येतील. तुम्ही फ्रॅपे वापरत नसाल तरी अडत नाही. नुसतं पायथन असेल तर पायटेस्टला 'एक्सडिस्ट' जोडा. ते एकाच मशीनच्या सगळ्या कोअर कामाला लावतं. ब्राउझरच्या टेस्ट असतील तर प्लेराईटला 'शार्ड एक बटा चार' एवढं सांगितलं की तो चौथा हिस्सा चालवतो. सेलेनियमवाल्यांना ग्रिड आहेच. साधन कुठलंही असो, आधी मला एकोणीस टेस्टनी जे सांगितलं ते तुम्हाला तुमच्या टेस्ट सांगतील.

म्हणून एकच मागणं आहे. मशिनी नंतर वाढवा. आज घरी जाण्याआधी तुमच्या टेस्ट एकदा उलट्या क्रमाने चालवून बघा, शेवटची आधी आणि पहिली शेवटी. सगळ्या हिरव्या आल्या तर खुशाल वाटणी करा, उद्या सकाळपर्यंत वेळ निम्म्यावर येईल. आणि लाल आल्या, तर लगेच बंद करू नका. एकेक उघडा आणि विचारा, हिला पाणी कुठून येतंय?